कट मारून जाणाऱ्या गाड्या आणि डाव्या कडेची सायकल

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : नवी मुंबईत सीवूड्सला राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक ताई गेल्या दिवाळीपासून सानपाड्याच्या ऑफिसला सायकलने जातात. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितलं. त्यासाठी वेगळा तास काढणं जमेना, म्हणून त्यांनी सायकल घेतली. तब्येत सुधारली, मनही मोकळं झालं. पण गाड्या फार खेटून जातात. गेल्या महिन्यात पाम बीच रोडवर एका कंपनीच्या स्टाफ बसने असा कट मारला की बसचा पत्रा कोपराला लागता लागता राहिला. पुढच्या सिग्नलला त्यांनी बस गाठली आणि ड्रायव्हरला जाब विचारला. तो म्हणाला, “लागलं का ताई? नाही ना? मग ओरडताय कशाला?” मागे उभे असलेले दोघे बाईकवाले हसले. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, सायकल विकून टाक. पंधरा वर्षांच्या मुलाला क्लासला सायकलने जायचंय, तो विषय आता घरात काढायचीही सोय राहिली नाही. ताई विचारतात : “मी अगदी कडेला, पांढऱ्या पट्टीच्याही बाहेरून चालवते. कुणाच्या मध्ये येत नाही. तसं काही झालं नाही, पण भीती बसली आहे. गाड्यांच्या रस्त्यावर सायकल घेऊन जाणं हा माझाच हट्ट आहे का? सोडून देऊ का?”

नमस्कार ताई,

त्या ड्रायव्हरचा प्रश्न मी आधी घेते, कारण तुमच्या घालमेलीचं मूळ तिथे आहे. “लागलं का? नाही ना?” त्याच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. आणि घरी पोचेपर्यंत तुम्हीही त्याचं म्हणणं अर्धंअधिक मान्य केलं होतंत, असं तुमचं पत्र वाचताना मला वाटलं. “तसं काही झालं नाही, पण” असं तुम्हीच लिहिलंय. ताई, झालं. एवढी मोठी बस वीतभर अंतरावरून गेली की आधी हवेचा लोंढा सायकलला बाहेर ढकलतो, आणि बस पुढे सरकताच तीच हवा आत ओढते. हात आपोआप हँडल आवळतात, खांदे वर चढतात, नजर समोरच्या रस्त्यावरून सुटते आणि शेजारी फिरणाऱ्या चाकाच्या नटांवर जाऊन अडकते. नजर जिकडे जाते तिकडे सायकल जाते, हे चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. डावीकडे गटाराची जाळी, उजवीकडे पत्रा. एवढ्यात तुम्ही सायकल सरळ ठेवलीत. त्या सकाळचा अपघात टळला तो तुमच्यामुळे टळला, त्याचं श्रेय त्या बसवाल्याला जाऊ देऊ नका.

कायदासुद्धा “लागलं का” एवढंच बघत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात नियम धाब्यावर बसवून दुसऱ्या वाहनाला ओव्हरटेक करणं स्पष्टपणे धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे पूर्वीचं दंड संहितेतलं २७९, सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे गाडी चालवणं हाच गुन्हा मानतं. दोन्हीकडे कुणी जखमी झालेलं असलंच पाहिजे अशी अट नाही.

आपल्याकडे कमी आहे ती आकड्याची. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं. फ्रान्समध्ये शहरात एक मीटर, बाहेर दीड. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने २०१४ मध्ये नियम केला : वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटरपर्यंत असेल तर एक मीटर, त्यापुढे दीड. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये एक साधी गोष्ट केली. साध्या कपड्यातला पोलिस सायकलवर बसवला, आणि जो कट मारून जाईल त्याला पुढे थांबवलं. मग रस्त्याकडेला जमिनीवर एक मोठी चटई अंथरून, सायकलपासून किती लांबून जायचं ते मापासकट दाखवलं. फारच बेफाम असेल त्याच्यावर खटला. नवी मुंबई किंवा ठाण्याच्या वाहतूक पोलिसांना हे करायला नवीन कायदा लागणार नाही. एक सायकल, एक पोलिस आणि पुढच्या चौकात दोघेजण, एवढंच लागेल. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या कायद्यात मीटरचा आकडा नाही, त्यामुळे ‘न लागणं’ हेच चालकांचं माप होऊन बसलंय.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. “मी अगदी कडेला, पांढऱ्या पट्टीच्याही बाहेरून चालवते.” हे तुम्ही निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून लिहिलंय, आणि बहुतेक वाचकांना ते पटेलही. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. कारण अगदी कडेला चालवणारी सायकल सुरक्षित असते, हे आपण न तपासता धरून चाललोय.

जरा मापं बघू. मोठ्या रस्त्यावरची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. बस अडीच मीटर. उरला एक मीटर. सायकलचं हँडल साठ-पासष्ट सेंटीमीटर, आणि सायकल कडेपासून थोडी तरी आत असतेच. म्हणजे एकाच लेनमध्ये बस आणि सायकल शेजारीशेजारी, मध्ये सुरक्षित अंतर सोडून, मावूच शकत नाहीत. बसला सायकलच्या पुढे जायचं असेल तर तिने शेजारच्या लेनमध्ये जायलाच हवं, मग तुम्ही कडेला असा किंवा लेनच्या मध्याकडे. फरक एवढाच, की तुम्ही पट्टीवर असलात तर मागच्या ड्रायव्हरला वाटतं, निघेल इथून. लेन बदलायची तसदी तो घेत नाही. तुम्ही कडेपासून मीटरभर आत असलात तर त्याला लांबूनच कळतं की इथून निघत नाही, आणि तो आधीच उजवीकडे सरकतो किंवा मागे थांबतो. शिवाय आत असलात की डावीकडे तुमच्या हातात थोडी जागा शिल्लक असते. कुणी कट मारलाच तर तुम्ही तिकडे सरकू शकता. पट्टीबाहेर असताना सरकायला गटाराखेरीज काही नसतं.

कडेची आणखी एक अडचण आहे, ती सायकलवाल्यालाच दिसते. रस्त्याचा सगळा कचरा तिथे साचतो. रेती, काचा, चेंबरची खचलेली झाकणं, काँक्रीट आणि डांबर मिळतात तिथली बोटभर उंच धार, निघालेले पेव्हर ब्लॉक. त्यांना टाळायला तुम्ही दर पन्नास पावलांवर नकळत उजवीकडे झुकता आणि परत कडेला जाता. मागच्याला तुम्ही ‘अचानक मध्ये येणारी सायकल’ दिसता. उभ्या गाड्यांच्या रांगेतल्या मोकळ्या जागांत आत-बाहेर करणाऱ्यांचंही तेच होतं. एका सरळ रेषेत चालणारी सायकल, जरी ती थोडी मध्ये असली, तरी मागच्याला तिचा अंदाज येतो.

हा सल्ला पाम बीच रोडला मात्र मी देणार नाही, आणि इथे तुमच्या घरच्यांचं ऐकण्यासारखं आहे. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी आणि ताशी १५ ने चाललेली तुमची सायकल यांच्यातलं शंभर मीटरचं अंतर मिटायला साधारण चौदा सेकंद लागतात. गाडी ८० ने येत असेल तर साडेपाच. साडेपाच सेकंदांत ड्रायव्हरने तुम्हाला बघायचं, वेगातला फरक ओळखायचा, आरसा बघायचा आणि लेन बदलायची. त्यात तो एक क्षण मोबाइलकडे बघत असेल तर संपलं. २०२४ च्या फेब्रुवारीत याच पाम बीच रोडवर, नेरुळमध्ये, पहाटे सायकल चालवणारे अवतार सैनी यांना टॅक्सीने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. इंटेल कंपनीच्या भारतातल्या कामाचे ते एकेकाळचे प्रमुख. सोबत इतर सायकलस्वारही होते. ते नवखे नव्हते आणि पहाटेची वेळ म्हणजे रस्ता रिकामा असणार. रिकाम्या रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढतो, म्हणून ‘सकाळी लवकर निघते, तेव्हा गर्दी नसते’ हा दिलासाही पाम बीचवर खरा नाही.

तेव्हा तुमच्यापुढे ‘सायकल किंवा सायकल नाही’ एवढे दोनच पर्याय आहेत असं मला वाटत नाही. आधी रस्ता बदला. सीवूड्सहून नेरुळ, जुईनगर करत सानपाड्याला सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांनी जाता येतं. पाच-सात मिनिटं जास्त लागतील, वाटेत स्पीडब्रेकर लागतील, शाळेच्या बस आणि भाजीवाल्यांच्या हातगाड्या लागतील. त्याच तुमच्या सोबती आहेत, कारण त्यांच्यामुळे सगळ्यांचा वेग कमी राहतो. एखाद्या रविवारी सकाळी तो रस्ता ऑफिसच्या दारापर्यंत चालवून बघा आणि कुठल्या वळणावर अडचण येते ते लक्षात ठेवा. मग सोमवारी गर्दीत जा. वाटेत कुठे मोठा चौक अडचणीचा वाटला तर उतरून, सायकल हातात धरून, चालणाऱ्यांबरोबर ओलांडायला लाज वाटू देऊ नका.

आतल्या रस्त्यांवर कडेपासून मीटरभर आत चालवणं सुरुवातीला उद्धटपणाचं वाटेल. आपल्या बायकांना तर विशेष, कारण जागा अडवायची नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. सवय अशी लावा. रस्ता अरुंद होतोय, पुढे रिक्षा उभी आहे किंवा खड्डा आहे असं दिसलं की तिथे पोचायच्या बऱ्याच आधी मान वळवून मागे बघा. नुसतं आरशात बघू नका, मान वळवा. मागच्या ड्रायव्हरला तुमचा चेहरा दिसला की त्याच्यासाठी तुम्ही एक माणूस होता, आणि बरेचजण नुसत्या त्या बघण्यानेच वेग कमी करतात. मग उजवा हात स्पष्ट काढा, उजवीकडे या आणि अडचण पार होईपर्यंत तिथेच राहा. रस्ता परत रुंद झाला की डावीकडे सरकून मागच्यांना जाऊ द्या, जमलं तर हात हलवून. रोज त्याच वेळेला तोच स्कूलबसवाला आणि तोच दूधवाला भेटतो, त्यांना तुमची ओळख पटते. उभ्या रिक्षा-गाड्यांपासून एका उघड्या दाराचं अंतर ठेवा. बसथांब्यावर एनएमएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस उभी असेल तर डावीकडून शिरू नका. उतरणारी माणसं तुमच्या अंगावर येतील, आणि बस निघाली तर तुम्ही फुटपाथ आणि बस यांच्यामध्ये सापडाल. विजेवरच्या बस मागून येताना आवाजही फारसा करत नाहीत, म्हणून कानावर भरवसा ठेवू नका. इयरफोन तर नकोच.

उलट्या दिशेने चालवू नका, हेही सांगून ठेवते. ‘समोरून येणारी गाडी दिसते तरी’ असं पुष्कळजण म्हणतात. पण मागून ४० ने येणारी गाडी तुमच्यापर्यंत २५ च्या फरकाने पोचते, आणि समोरून येणारी ५५ च्या.

हे सगळं करूनही कुणीतरी कट मारणारच. त्या बसवाल्याचं थोडं समजून घेतलंत तर उपयोग होईल. त्याची बाजू घेण्यासाठी नव्हे, धोका कुठून येतो ते कळावं म्हणून. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तुम्ही त्याच्या डावीकडे असता, म्हणजे बसच्या पूर्ण रुंदीइतक्या लांब. ज्या बाजूचा अंदाज त्याला सगळ्यात कमी, नेमक्या त्याच बाजूला. तुम्ही समोरच्या काचेतून दिसेनाशा झालात की त्याच्या मनात तुम्ही मागे पडलात. पण बस बारा मीटर लांब असते. ती ४० ने आणि तुम्ही १५ ने, तर बसचं शेपूट तुमच्या पुढे जायला जवळपास दोन सेकंद लागतात. या दोन सेकंदांच्या आत तो डावीकडे ओढून घेतो. म्हणून कोपराजवळ येतो तो बसचा मागचा भाग, पुढचा नव्हे. तुमच्या पत्रातही कोपराला लागता लागता राहिला तो मागच्या चाकापलीकडचा पत्रा होता. बसचं तोंड पुढे गेलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. शेपूट जाईपर्यंत हँडल सैल पण स्थिर धरा आणि पायडल मारणं थांबवून वेग थोडा कमी करा, म्हणजे ती लवकर पुढे निघून जाईल.

ब्राझीलमध्ये काही ठिकाणी बसचालकांच्या प्रशिक्षणात त्यांनाच जागेवर उभ्या केलेल्या सायकलींवर बसवतात आणि शेजारून बस जोरात नेतात. मी त्याचं चित्रण पाहिलंय. धडधाकट माणसं दचकून अंग चोरून घेतात. स्टाफ बस चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीने हे आपल्या आवारात एकदा तरी करावं.

बस गाठून जाब विचारणं मात्र यापुढे करू नका. तुमचा राग रास्त होता. पण त्या वेळी तुमचे हात थरथरत होते, तुम्ही नेहमीपेक्षा जोरात सायकल हाणली असणार, आणि सिग्नलला तो उंचावर, तुम्ही खाली, आजूबाजूला बघे. तिथे तुम्हाला न्याय मिळणं शक्य नव्हतं. त्या दोघांचं हसणं मनातून काढून टाका, त्यांना काय झालं ते दिसलंच नव्हतं. पुढच्या वेळी कडेला थांबा, पाणी प्या आणि मोबाइलवर चार गोष्टी बोलून ठेवा : गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण, आणि नेमकं काय झालं. ठिकाण म्हणजे नुसतं ‘पाम बीच’ नव्हे, कुठल्या सिग्नलच्या आधी, कुठल्या दिशेने.

स्टाफ बसचं एक बरं असतं, ती रोज त्याच वेळी तिथूनच जाते आणि तिच्यावर कंपनीचं नाव असतं. पहिलं पत्र त्या कंपनीच्या ट्रान्सपोर्ट किंवा ॲडमिन विभागाला लिहा. असं काहीतरी : “आपली बस क्रमांक अमुक, दिनांक अमुक, सकाळी अमुक वाजता, नेरुळहून सानपाड्याच्या दिशेने जाताना माझ्या सायकलपासून एका हातापेक्षा कमी अंतरावरून गेली. पुढच्या सिग्नलला चालकाशी बोलले असता त्यांना यात काही चूक वाटली नाही. चालकाला नोकरीवरून काढावं अशी माझी मागणी नाही. सायकलला ओव्हरटेक करताना पूर्ण लेन बदलावी, अशी लेखी सूचना आपल्या सर्व चालकांना द्यावी आणि तसं मला कळवावं.” नोकरीबद्दलचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. हे चालक बहुधा कंत्राटी असतात, सकाळच्या पंचिंगच्या वेळेआधी बस गेटात नाही पोचली तर बोलणी त्यांनाच बसतात. एक माणूस गेला तर त्याच वेळापत्रकावर दुसरा येईल आणि तोही असाच चालवेल. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच पत्राची प्रत वाहतूक शाखेत द्या आणि पोच घ्या. फोटो किंवा व्हिडिओ असेल तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवरही तक्रार करता येते. गाडी मुद्दाम मागे लागलीय, दाबतेय असं वाटलं तर मात्र थेट ११२. हेल्मेटवर छोटा कॅमेरा लावायचा की नाही ते तुमच्या खिशावर आहे. तक्रारीला त्याने जोर येतो, पण त्याच्याविना तक्रार करता येत नाही असं नाही.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या वाचकांसाठी दोन ओळी. तिथे गुजरातकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर आहेत, आणि ट्रेलरचं गणित बसपेक्षा वेगळं. ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, कोपरा कापून बरीच आतून जातात. केबिनच्या डाव्या कोपऱ्याखाली उभा असलेला सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणून माजिवडा, कापूरबावडीसारख्या चौकांत ट्रेलरच्या डावीकडे कधीही उभं राहू नका, सिग्नल लाल असला आणि जागा रिकामी दिसली तरीही. त्याच्या मागे थांबा, आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसेल इतकं मागे. तुम्हाला तो दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि जमेल तिथे ढोकाळी-कोलशेतकडून आतून जा.

“गाड्यांच्या रस्त्यावर सायकल घेऊन जाणं हा माझा हट्ट आहे का?” या प्रश्नावर मी बराच वेळ अडकले होते. रस्ता गाड्यांचा, हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत. उद्या सकाळी सहाच्या आसपास खिडकीतून बघा. पावाच्या पिशव्या लादलेली सायकल, पेपरवाल्याची सायकल, रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या वॉचमनची सायकल. ठाणे-बेलापूर रोडवर रबाळे-महापेच्या कारखान्यांत जाणारे कितीतरी कामगार सायकलवर असतात. त्यांना तब्येतीसाठी सायकल चालवायची नसते आणि ती विकून टाकायचा पर्यायही नसतो. त्यांना कुणी हट्टी म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. त्यांना कट मारला जातो तेव्हा पत्र येत नाही. तुम्ही कंपनीला जी तक्रार कराल तिचा उपयोग त्यांना तुमच्यापेक्षा जास्त होईल. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांशी एकदा बोला. ते कुठून येतात, कुठला चौक टाळतात, कुठे रात्री दिवे बंद असतात. इतकी वर्षं त्या रस्त्यांवर चालवणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. त्यांच्या सायकलला मागचा दिवा नसेल तर एक घेऊन द्या. दोन-अडीचशे रुपयांत मिळतो.

आणि जे वाचक सकाळी गाडी चालवत ऑफिसला जातात, त्यांच्याशीही मला बोलायचंय. पुढे सायकल दिसली की गाडी असल्यासारखंच तिला ओव्हरटेक करा : आरसा, इंडिकेटर, पूर्ण लेन बदलून. शेजारची लेन मोकळी नसेल तर मागे थांबा. मोकळी व्हायला फार तर दहा सेकंद लागतात, आणि ती पुढच्या सिग्नलला तशीही जाणार असतात. अगदी मागे येऊन हॉर्न वाजवू नका, दचकून सायकल हलते. पावसात अंतर आणखी वाढवा. पाण्याखालचा खड्डा सायकलवाल्यालाही शेवटच्या क्षणी कळतो, आणि त्याला कुठेतरी वळावंच लागतं. सायकलच्या पुढे जाऊन लगेच डावीकडे वळायचं असेल तर पुढे जाऊच नका, तिच्या मागून वळा. गाडीतून उतरताना दार डाव्या हाताने उघडा. शरीर आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो.

तुमच्या यजमानांबद्दल. ‘विकून टाक’ यात मला हुकूम कमी आणि घाबरणं जास्त ऐकू आलं. त्यांना तुम्ही घटना सांगितलीत. आता योजना सांगा : पाम बीच सोडला, हा नवा रस्ता, मागे दिवा, हँडलला आरसा, अंगात भडक जॅकेट, कंपनीला हे पत्र. त्यांची काळजी ‘काही झालंच तर’ अशी असेल तर हेही सांगा की मोटार वाहनाने धडक दिलेल्या सायकलस्वाराला त्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते, आणि २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना ठरलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. याने भीती जात नाही हे मला कळतं. पण बोलणं ‘कर’ आणि ‘करू नको’ यांच्यापलीकडे जातं. एखाद्या रविवारी त्यांनाही कुणाची तरी सायकल मागून आणून नव्या रस्त्यावर सोबत न्या. आणि तीन महिने नीट करून बघूनही रोज सकाळी पोटात गोळा येत असेल, तर सायकल ऑफिसऐवजी फक्त सेक्टरमध्ये आणि खाडीकाठी फिरवायला ठेवा. व्यायाम तेवढाच होतो. तसं ठरवलंत तर ती हार समजू नका. तुमची साखर आणि तुमचा जीव दोन्ही तुमचेच आहेत.

राहिला मुलगा. पंधराव्या वर्षी त्याला सायकल नाकारलीत तर तो मित्राच्या स्कूटरवर मागे बसून जाईल, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. त्याला तुमच्यासोबत घ्या. आधी रविवारी, मग सुट्टीच्या दिवशी संध्याकाळच्या रहदारीत. तो पुढे, तुम्ही मागे, म्हणजे तो कुठे चुकतो ते तुम्हाला दिसेल. मान वळवून बघताना सायकल सरळ राहते का, हात काढून चालवता येतं का, बस शेजारून गेल्यावर घाबरून कडेला ओढतो का, एवढं बघा. क्लासच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चौक त्याने न सांगता चार-पाच वेळा नीट पार केला की त्याला एकट्याला जाऊ द्या. येताना अंधार होत असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही दिवे चार्ज केलेले हवेत, आणि मोबाइल खिशात नको, दप्तरात हवा.